गोदाच्या घरात डिंक्या: प्रकल्पाच्या नोंदी

28 डिसेंबर 2024, शनिवार

प्रकल्प मंजूर झाला. म्हणजे लेकीने कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरला, नवऱ्याने मान डोलावली आणि सासूबाई म्हणाल्या, "आणा बापडं. पण माझ्या गोदाला त्रास झाला तर पिल्लासकट तुम्ही तिघं बाहेर." इतकी स्पष्ट अट आमच्या कंपनीला अजून कुठल्या ग्राहकाने घातलेली नाही. नाशिकच्या सातपूरला क्वालिटीच्या खात्यात काम करते, त्यामुळे वही समोर असली की माझं डोकं चालतं. म्हणून ही वही.

सद्यस्थिती. गोदा: आमची गावठी कुत्री, नसबंदी झालेली, दहा वर्षं पूर्ण, वजन एकोणीस किलो. मागच्या पायांचे सांधे थंडीत आखडतात. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. माणसांवर जीव टाकते, कुत्र्यांशी मात्र "तू तुझ्या वाटेने, मी माझ्या". घरात दुसरं कुत्रं आजवर कधी राहिलेलं नाही.

येणारा: नर, जन्म वॉचमनच्या बायकोच्या हिशोबाने नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला. गल्लीच्या टोकाला बांधकाम चालू आहे, तिथल्या कुत्रीचं पिल्लू. भावंडांना घरं मिळाली, हा एकटा उरला. जो दिसेल त्याच्या पायाला चिकटतो म्हणून लेकीने आधीच डिंक्या नाव ठेवून टाकलं.

लगेच आणायचा नाही. आठ आठवडे पुरे होईतो आईपाशीच राहील. पिल्लाच्या तोंडात सुईसारखे अठ्ठावीस दुधाचे दात असतात आणि ते किती जोरात लावले की समोरचा केकाटून खेळ सोडतो, हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात. ती शाळा अर्धवट सोडवून आणलेलं पिल्लू मोठ्या कुत्र्याच्या डोक्याला ताप होतं. 2017 च्या केंद्राच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे, ती उगीच नाही.

वहीच्या पहिल्या पानावर लेकीने "उद्दिष्ट: दोघांची मैत्री" असं रंगीत पेनाने लिहिलं होतं. ते खोडून मी लिहिलं: गोदाचं खाणं, झोप, फिरणं आणि तिचा कोपरा आज आहे तसा राहणे. लेक फुरंगटली. मैत्रीला माझी ना नाही, पण ती मोजायची कशी आणि तिच्या नावाखाली म्हाताऱ्या कुत्रीने काय काय सोसायचं, हे कोणी आधी सांगत नाही.

30 डिसेंबर, सोमवार

आधी गोदाला डॉक्टरांकडे नेलं. पिल्लू आणायचं म्हणून म्हातारीची तपासणी कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. डॉक्टरांनीच उत्तर दिलं: ज्याचं अंग दुखतं त्याची सहनशक्ती आधीच निम्मी झालेली असते. तिच्या कंबरेवर अडीच किलोचं पिल्लू उडी मारणार असेल, तर ती कंबर आज किती दुखते ते आधी बघायला हवं. त्यांनी मागचे पाय एकेक करून ताणले. उजवा मागे घेतल्यावर गोदाने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं, ओठ चाटले. दात दाखवले नाहीत, आवाज काढला नाही. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, हिने सांगितलं. आता आपण थांबायचं." आणि पाय सोडला.

रक्त तपासलं, यकृत आणि मूत्रपिंड ठीक निघाली, मग सांध्यांची गोळी सुरू केली. घरातली पॅरासिटामॉल वगैरे कुत्र्याला द्यायची नाही, हे त्यांनी न विचारता दोनदा बजावलं. वर्षाची लस आणि रेबीज, दोन्ही तारखेत आहेत. हे महत्त्वाचं, कारण रस्त्यावरचं पिल्लू घरात काय घेऊन येईल सांगता येत नाही.

2 जानेवारी 2025, गुरुवार

आज बांधकाम खातं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये सुताराकडून लाकडी गेट बसवून घेतलं, कमरेपेक्षा थोडं खाली. पट्ट्यांमधली फट इतकीच, की पिल्लाचं नाक बाहेर येईल पण डोकं अडकणार नाही. सुताराने आधी नक्षीचे दांडे सुचवले होते. म्हटलं, नक्षी देव्हाऱ्याला ठेवा.

हॉलच्या गुळगुळीत फरशीवर गोदाचे पाय फाकतात. मागून पिल्लू अंगावर आलं आणि ही पळायला गेली तर घसरून पडायची. म्हणून गेटपासून सासूबाईंच्या खोलीपर्यंत रबरी मॅट अंथरल्या. हॉलची शोभा गेली, पण गोदाला माघार घ्यायला रस्ता झाला. माझ्या मते सगळ्या तयारीतलं हेच मुख्य काम. ज्या कुत्र्याला उठून निघून जाता येतं, त्याला भांडायची गरज क्वचित पडते.

सासूबाईंच्या खोलीतला दिवाण हा गोदाचा राखीव भाग. चढायला खाली जुना पाट लावलाय. त्या खोलीत डिंक्याला प्रवेश नाही, बहुधा कधीच नाही.

5 जानेवारी, रविवार

डिंक्या दाखल. वाटेतच दवाखान्यात नेला. वजन दोन किलो आठशे. पोट टम्म, म्हणजे जंत. हे जंत आईच्या पोटातून आणि दुधातून पिल्लात येतात, त्यामुळे रस्त्यावरच्या पिल्लाला ते असणार असंच धरून चालायचं. औषध आजच पाजलं. बारा आठवड्यांचा होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांचा होईपर्यंत महिन्याला. कानांमागे गोचीड, पोटावर पिसवा. डॉक्टरांनी वयाला चालणारा स्प्रे स्वतः मारला. अंदाजाने दुकानातलं औषध आणून लावू नका म्हणाले. गोचिडीतून येणारा ताप गोदाच्या वयाला परवडणारा नाही. लसीचा पहिला डोस दिला.

मागच्या खोलीत, जिथे कपडे वाळत घालतो तिथे, त्याची व्यवस्था. गोदा आणि तो अजून एकमेकांना दिसायचे नाहीत. एक कारण स्वभावाचं, दुसरं पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या उलटी-जुलाबाच्या विषाणूचं. पार्व्होची लागण झाली तर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. गोदाला लस आहे, पण घाई करून मला काय मिळणार? त्या खोलीच्या चपला वेगळ्या. फरशी पुसायला एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं, तोवर पिल्लू टोपलीत. हा विषाणू साध्या साबणाला दाद देत नाही.

निफाडचा पारा उतरला की आमच्याकडेही कुडकुडायला होतं. डिंक्याला जुनी गोधडी आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली दिली. रात्री भरपूर रडला. गोदाने उजवा कान टवकारला, दिवाणावरून उतरली नाही.

8 जानेवारी, बुधवार

वासांची देवघेव. एक मऊ फडकं डिंक्याच्या अंगावरून फिरवलं आणि गोदाच्या जेवणाच्या जागेपासून लांब, हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं. तिच्या ताटलीजवळ मुद्दामच नाही ठेवलं. परक्याचा वास आणि आपलं अन्न पहिल्याच दिवशी शेजारी कशाला?

ती गेली. लांबूनच मान पुढे करून हुंगलं. मग जवळ जाऊन नीट, कडेकडेने, मध्ये दोनदा जोरात श्वास सोडत. शिंकली. अंग झटकलं आणि सासूबाईंच्या पायाशी येऊन बसली. अंग झटकणं मला आवडलं. ताण आला आणि उतरला, असा त्याचा अर्थ.

उलट दिशेला गोदाची जुनी चादर डिंक्याकडे दिली. त्याने ती ओढली, चावली आणि तिच्यावरच झोपला. पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढण्यासारखं काही नाही.

11 जानेवारी, शनिवार

पिल्लू तब्येतीने ठणठणीत, डॉक्टरांनी पाहून होकार दिला. आज गेटमधून पहिलं दर्शन.

डिंक्या स्वयंपाकघरात, लेकीच्या मांडीवर. गोदा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, नवऱ्याजवळ, पट्टा सैल. मी मध्ये वही घेऊन. गोदाने पाहिलं आणि थिजली. तोंड बंद, शेपटी सरळ, कान पुढे. डिंक्याने शेपटीसकट सगळा मागचा भाग हलवत कुईकुई केलं. गोदाने मान बाजूला फिरवली. नवरा तिला पुढे न्यायला निघाला, तेव्हा मी हाताने थांबवलं. मान फिरवणं म्हणजे "मला भांडण नको, जरा लांबच बरं". त्याच वेळी तिला उकडलेल्या चिकनचा तुकडा दिला. पिल्लू दिसलं की तुकडा, दिसेनासं झालं की तुकडे बंद. तीन-चार तुकड्यांनंतर गोदाने पिल्लाकडे पाहिलं आणि आपण होऊन नवऱ्याच्या हाताकडे वळली. हिशोब समजला. पडदा ओढला, सत्र बंद. संपलं तेव्हा दोघांनाही अजून थोडं हवं होतं; तिथेच थांबायचं असतं.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. येवल्याच्या पतंगांइतका नसला तरी आमच्याही गच्च्यांवर दिवसभर गोंगाट, स्पीकर, "काटली रे". सत्र नाही. घरात पाहुणे, हातात तिळगूळ, दार सारखं उघडं. अशा दिवशी नवीन काही करायचं नसतं. सासूबाईंनी गोदाला तिळाच्या वडीचा कोपरा दिला आणि मी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं.

19 जानेवारी, रविवार

आजची नोंद मोठी.

दोन कुत्र्यांची पहिली गाठ परक्या जागी घालावी, म्हणजे घर राखायचा प्रश्न येत नाही, असा सल्ला सगळीकडे देतात. बरोबरच आहे. पण त्यात एक मेख आहे. डिंक्याच्या लसी पूर्ण झालेल्या नाहीत आणि पार्व्हो मातीत महिनोनमहिने टिकून राहतो. नवरा म्हणाला नदीकाठच्या गोदापार्कला जाऊ. जिथे गावभरची कुत्री फिरतात तिथल्या गवतावर नऊ-दहा आठवड्यांचं पिल्लू सोडायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या बाजूने, सोळा आठवड्यांपर्यंत त्याला घरात कोंडायचं म्हटलं तर शिकायचं वय निघून जाणार. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांना भेटतं त्यांना ते आपलं मानायला लागतं. त्यातले थोडेच आठवडे आता हातात.

तोडगा: मैत्रिणीची गच्ची. तिच्याकडे कुत्रं नाही, कधी नव्हतं. गच्ची धुतलेली, दोघांनाही परकी. पाण्याच्या टाकीमुळे मध्ये आडोसाही मिळतो.

गोदाला नवऱ्याने आणलं, डिंक्याला लेकीने. समोरासमोर आणायचं नाही, हे दोघांना पढवून ठेवलं होतं. कुत्री एकमेकांकडे नाकासमोर सरळ चालत जात नाहीत, वळसा घेतात. आपणच पट्टा ताठ धरून त्यांना समोरासमोर उभं करतो आणि मग चकित होतो. दोघांना गच्चीच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालवलं. मधलं अंतर फेरीगणिक थोडं कमी केलं. गोदा आधी पिल्लाकडे बघत चालत होती, मग कुंड्या हुंगायला लागली. डिंक्याचं अर्धं लक्ष स्वतःच्या हार्नेसचा पट्टा चावण्यात होतं.

मग गोदाने स्वतः वळण घेतलं. टाकीच्या मागून येऊन डिंक्याच्या मागच्या बाजूला नाक लावलं. तो जागीच बसला, मग आडवा झाला आणि पोट वर करून दोन थेंब मुतला. गोदाने ते हुंगलं, त्याच्या पोटावरून कानापर्यंत नाक फिरवलं. नवऱ्याचा पट्टा ताणला जातोय असं दिसलं तेव्हा मी हळूच म्हटलं, "अहो, सैल सोडा." पट्टा ताणला की कुत्र्याला वाटतं धन्याला काहीतरी धोका दिसलाय. त्याने सोडला. आम्ही मनात तीन मोजले आणि दोघांना हाका मारल्या. गोदा लगेच आली. तिच्या डोळ्यांचं पांढरं दिसत नव्हतं, तोंड उघडं, जीभ बाहेर, म्हणजे ताण नाही. डिंक्या तिच्यामागे धावला आणि तिच्या ओठांना नाक लावायला उड्या मारू लागला. लहान पिल्लं आईकडे अन्न मागतात ती ही पद्धत. गोदाने मान उंच केली आणि आमच्या चौघांकडे आळीपाळीने पाहिलं.

शेरा: पास. मैत्रिणीने चहा ठेवला होता, तो गार झाला.

22 जानेवारी, बुधवार

घरात, एकाच खोलीत, डिंक्याच्या हार्नेसला हलकी दोरी. तो गोदाच्या शेपटीकडे गेला. ती उठून मॅटवरून दोन पावलं सरकली. तो पुन्हा गेला. ती पुन्हा सरकली, जांभई दिली. तिसऱ्यांदा त्याने शेपटी तोंडात धरली आणि ती गुरगुरली. खोल, छातीतून, छोटीशी गुरगुर.

नवरा ओरडला, "गोदा! नाही!"

यावर आमची रात्री स्वयंपाकघरात बैठक झाली. त्याचं म्हणणं, पिल्लू लहान आहे, हिने समजून घ्यायला नको का? माझं म्हणणं, हिनेच समजून घेतलं. आधी सरकली, मग जांभई दिली, पुन्हा सरकली, आणि ज्याला या कशाचाच अर्थ लागला नाही त्याला शेवटी ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं. गुरगुरणं हा अलार्म आहे. मशीनचा अलार्म वाजला म्हणून कोणी त्याची वायर काढत नाही. गुरगुरल्याबद्दल रागावत गेलं, तर कुत्रं गुरगुरणं सोडतं. चावणं सोडतंच असं नाही. मग एक दिवस लोक म्हणतात, "काही सूचना न देता एकदम चावली हो."

सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं, मी पण रोज गुरगुरते. माझं कोण ऐकतं?" तिथे बैठक संपली.

ठराव: गोदा गुरगुरली तर तिला काहीही बोलायचं नाही. पिल्लाला शांतपणे उचलून लांब न्यायचं आणि चघळायला काहीतरी द्यायचं. शक्य असेल तर पहिल्या जांभईलाच न्यायचं.

काळजी कधी करायची तेही लिहून गेटवर चिकटवलंय: गोदा पाठलाग करून गाठायला लागली, खाली दाबून धरून सोडेना, पिल्लू निपचित पडल्यावरही थांबेना, किंवा कातडीत दात रुतले, तर सगळं बंद आणि डॉक्टरांना फोन. एकदाच आवाज, एकदाच हवेत दात आपटणं आणि लगेच पाठ फिरवणं, एवढं चालेल.

26 जानेवारी, रविवार

घटना अहवाल. दुपारी लेकीने गेट ओढलं, कडी लावली नाही. गोदा हॉलमध्ये उन्हाच्या पट्ट्यात उजव्या कुशीवर झोपलेली, म्हणजे चांगला कान जमिनीला आणि बहिरा कान वर. डिंक्या आला तो थेट तिच्या मानेवर.

मी सोफ्यावरून पाहिलं. गोदा जागी व्हायच्या आधी तिचं तोंड जागं झालं. एक मोठा भुंकल्यासारखा आवाज, जबडा आपटल्याचा टक्क असा आवाज आणि डिंक्याची किंकाळी. पुढच्या क्षणी गोदा उभी, चार पावलं मागे, शेपटी खाली, स्वतःच गोंधळलेली. डिंक्या टेबलाखाली.

त्याला तपासलं: डोळे, कान, नाकाचा शेंडा, मान. कातडी कुठेही फुटलेली नाही, फक्त गालाच्या केसांना थुंकी. म्हणजे दात लागले नाहीत, किंवा लागले तरी तिने आवरले. पाहुणे आले होते, त्यातले एक म्हणाले, "म्हातारी चावरी झाली, आता बांधून ठेवा." झोपेतून दचकलेल्या, निम्म्या बहिऱ्या कुत्रीला बांधून ठेवलं तर पुढच्या वेळी तिला मागे सरकायला चार पावलंही मिळणार नाहीत. ते पाहुण्यांना समजावत बसले नाही, पोहे पुढे केले.

कारवाई: कडी आपोआप पडेल अशी बसवली. गोदा झोपली की डिंक्या गेटच्या आत, याला अपवाद नाही. तिला उठवायचं तर आम्हीसुद्धा पाय आपटून फरशी हादरवायची, मग समोरून यायचं.

2 फेब्रुवारी, रविवार

दुसरा डोस आणि रेबीजची लस. बारा आठवडे पुरे झाल्यावरच रेबीज द्यायची म्हणून थांबलो होतो. दाखला मिळाला, आता महापालिकेच्या परवान्याचं बघता येईल. वजन पाच किलोच्या पुढे.

9 फेब्रुवारी, रविवार

पिंपळगावहून दिरांनी द्राक्षांचा क्रेट पाठवला. नाशिकमध्ये या दिवसांत द्राक्षं घराबाहेर ठेवणं अवघड. पण कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे चालत नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखाद्याला थोड्यांनीही होतं, म्हणून सुरक्षित प्रमाण असं काही धरायचंच नाही. यामागचं कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. 2021 च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर संशय घेतला.

इथे दोन कुत्री असण्याचा वेगळाच प्रश्न निघाला. गोदा एकटी होती तेव्हा खाली पडलेलं द्राक्ष हुंगून सोडून द्यायची. आज सासूबाईंच्या हातून एक घरंगळलं, डिंक्या धावला, आणि त्याला धावताना पाहून गोदाही धावली. दहा वर्षांत तिने ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते दुसऱ्याला मिळू नये म्हणून तिला हवंसं झालं. दोघांची नाकं द्राक्षापाशी, गोदा ताठ, डोळ्यांच्या कडेचं पांढरं लख्ख. मी चिकनची डबी वाजवली. दोघं वळली, द्राक्ष माझ्या पायाखाली.

क्रेट माळ्यावर. द्राक्षं खायची ती टेबलाशी बसून. आणि सर्वसाधारण नियम: जमिनीवर पडेल अशी खाण्याची कुठलीही गोष्ट दोघं मोकळी असताना बाहेर काढायची नाही. जेवणं पहिल्यापासून वेगळीच आहेत, गोदा दिवाणाजवळ दोनदा, डिंक्या स्वयंपाकघरात चारदा. रिकाम्या ताटल्याही लगेच उचलायच्या. चाटून पुसलेल्या ताटलीवरूनही भांडणं होतात.

19 फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. चौकात ढोल-ताशा, मग फटाक्यांची माळ. गोदा अर्धी बहिरी, त्यामुळे तिने डोळाही उघडला नाही. डिंक्या पहिल्या बाराला थरथरला आणि गेटच्या पट्टीतून तिच्याकडे पाहू लागला. ती तशीच पडून. त्याने थोड्या वेळाने बूड टेकवलं, मग पोट, मग हनुवटी. फटाके चालूच होते. मोठं कुत्रं घाबरत नाही हे पाहून पिल्लू शिकतं. घाबरट असेल तर तेही शिकतं. आमच्या बाबतीत बहिरेपण कामाला आलं.

लेक म्हणाली, "आई, बघ, गोदा त्याला शिकवतेय." मी वहीत "गोदा झोपली होती" असंच लिहिलं.

2 मार्च, रविवार

सोळा आठवडे, तिसरा डोस. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून हा शेवटचा डोस इतका उशिरा. आणखी दोन आठवडे थांबून रस्त्यावर.

गोदाचा सकाळचा फेरफटका मात्र तिचा एकटीचाच राहील. नवऱ्याला दोघांना एकत्र न्यायची घाई झालीय, वेळ वाचेल म्हणतो. तिला प्रत्येक खांब हुंगायचा असतो, त्याला प्रत्येक पिशवी पकडायची असते. वेळ वाचेल, पण तिच्या वाट्याचा.

आज संध्याकाळी अंगणात एक गोष्ट घडली. डिंक्या दोरीच्या तुकड्याशी एकटाच झटत होता. गोदा जवळून चालली होती, थांबली. पुढचे पाय पसरून टेकवले, मागचा भाग वर, एकदाच "वफ". कुत्र्यांच्या भाषेत हे खेळायचं आमंत्रण. सांध्यांमुळे नीट वाकताही आलं नाही. डिंक्या इतका चक्रावला, की दोरी टाकून बसूनच राहिला. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि पाणी प्यायला गेली. लेकीला दिसलं नाही, ती क्लासला गेली होती. सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना.

14 मार्च, शुक्रवार

धुळवड. दोघं घरात, खिडक्या बंद. रंग अंगावरून चाटून पोटात जातो, म्हणून आम्हीही बाहेरच अंघोळ करून आत. पुढच्या बुधवारी रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतील आणि नवरा त्यात उडी मारल्याशिवाय राहायचा नाही, तेव्हा हीच व्यवस्था पुन्हा.

डिंक्याचा समोरचा एक दुधाचा दात मॅटवर सापडला. चार महिन्यांनंतर ते पडायला लागतात आणि पुढे बेचाळीस पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवणार, तो हाताला लागेल ते चावणार, त्यात गोदाची शेपटीही आली. ओलं करून फ्रीजमध्ये गोठवलेलं फडकं चालतं, असं दिसतंय.

23 मार्च, रविवार

आढावा. गोदाचं वजन तेवढंच. खाणं नेहमीसारखं. दुपारची झोप दिवाणावर, अखंड. दोघं हॉलमध्ये एकत्र असतात तेव्हा मोठं माणूस हजर असतं. एकटं सोडायचं नाही हा नियम अजून उठवलेला नाही, इतक्यात उठवणारही नाही. कधी कधी गोदा गेटपाशी जाऊन आत पाहते. तिला तो हवा असतो की तो आत आहे याची खात्री करायची असते, यावर घरात दोन पक्ष आहेत.

पुढचा धोका आता दिसायला लागलाय. मोठी कुत्री लहान पिल्लाला जे खपवून घेतात ते चार-पाच महिन्यांपर्यंत. पुढे तीच आगळीक महाग पडते. काल त्याने तिच्या अंगावर पाय टाकला, तेव्हा गुरगुर आधीपेक्षा लवकर आली आणि जास्त खणखणीत होती. तो लगेच बाजूला झाला, मान फिरवली, जमीन हुंगली. म्हणजे भाषा पोचतेय. पण वयात येताना तो पुन्हा विसरून पाहील, तेव्हा आवाज वाढणार. सहा महिन्यांनंतर नसबंदीचं डॉक्टरांशी बोलायचंय.

सासूबाईंना विचारलं, अटीचं काय? आम्ही बाहेर की आत? त्या म्हणाल्या, "गोदाला विचार." गोदा झोपली होती.

उरलेली कामं: परवान्याचा अर्ज. माळ्यावरचा क्रेट संपवून मोकळा करणे. सांध्यांच्या गोळीसाठी गोदाचं रक्त पुन्हा तपासणे. सुताराला निरोप दिलाय, गेटची कडी वरच्या बाजूला न्यायची आहे. खालची डिंक्या नाकाने उघडतो.